घशाचं रेडिएशन संपून आठ-नऊ महिने झाले, त्रास काही संपत नाहीत, त्यात आता दाढ काढायला सांगितलीय

रानवारा:

नमस्कार मंडळी. जिभेच्या मुळाशी, घशात कॅन्सर निघाला होता. सात आठवडे रेडिएशनचे शेक झाले, एकूण ७० ग्रे (रेडिएशनचा डोस मोजायचं माप), सोबत सिस्प्लाटिनची केमो. नंतरचं पेट स्कॅन स्वच्छ आलं, घरातल्यांनी सुटकेचा श्वास सोडला आणि मलाही वाटलं की आता दोन-तीन महिन्यांत गाडी रुळावर येईल. पण तसं झालेलं नाहीये.

तोंड सतत कोरडं, रात्री जीभ टाळ्याला चिकटते आणि त्यानेच जाग येते. चव थोडी परत आलीय पण गोड अजून नीट कळत नाही. कोरडा घास घशात अडकतो, त्याला पाण्याने ढकलावं लागतं, आणि गंमत म्हणजे नुसतं पाणी पितानाच जास्त ठसका लागतो. तोंड पूर्वीइतकं उघडत नाही. सकाळी उठल्यावर हनुवटीखाली पिशवी लोंबल्यासारखी सूज असते, दुपारपर्यंत कमी होते. मध्यंतरी मान खाली घातली की पाठीतून पायापर्यंत करंट गेल्यासारखं व्हायला लागलं, त्याने फार घाबरले, आता ते कमी होतंय. थकवा तर इतका की दुपारी बसल्या जागी डोळे मिटतात, आणि सगळ्यांना उकडत असताना मला थंडी वाजते.

फॉलोअपला गेलं की दुर्बिणीने घसा बघतात, "छान आहे, हे होतंच, हळूहळू कमी होईल" म्हणतात आणि पुढचा पेशंट आत येतो. घरी सांगितलं तर "आजार गेला ना, मग आता कशाला काळजी" असं ऐकायला मिळतं. त्यांचं चुकत नाही, ते सगळे माझ्यापेक्षा जास्त घाबरलेले होते. पण गिळणारी मी आहे.

आणि आता खालची डावी दाढ किडलीय. जवळच्या डेंटिस्टने पुढच्या आठवड्यात काढून टाकू म्हणून सांगितलंय.

यातलं काय जाणार आणि काय कायमचं राहणार? कशासाठी कुणाकडे जायचं? ज्यांनी हे भोगलंय किंवा जवळून पाहिलंय त्यांनी प्लीज सांगा.

---

दंतकथा:

रानवारा, बाकी सगळं नंतर, आधी ती दाढ. अपॉइंटमेंट पुढे ढकला, आजच फोन करा. मी स्वतः डेंटिस्ट आहे आणि त्या डॉक्टरांना तुम्ही रेडिएशनबद्दल नीट सांगितलंय का तेही मला कळत नाहीये, "कॅन्सरची ट्रीटमेंट झाली" एवढं पुरत नाही, जबड्याच्या कुठल्या भागाला किती ग्रे गेले ते त्यांना कळायला हवं.

कारण असं आहे की रेडिएशनने जबड्याच्या हाडाचा रक्तपुरवठा कमी होतो, त्यातही खालच्या जबड्याचा जास्त. साध्या माणसाची दाढ काढली की खड्डा काही आठवड्यांत भरून येतो. तुमच्या बाबतीत तो भरलाच नाही तर हाड उघडं पडतं आणि मरायला लागतं, त्याला ऑस्टिओरेडिओनेक्रोसिस म्हणतात आणि ते निस्तरायला कधी कधी वर्षं जातात. साधारण ५०-६० ग्रेच्या वर डोस गेलेल्या भागात हा धोका खरा धरायचा. आणि तो वर्ष-दोन वर्षांनी संपत नाही, हे खूप जणांना माहीत नसतं. दहा वर्षांनी दात काढायचा झाला तरी रेडिएशनची फाईल दाखवायची.

आता घाबरून जाऊ नका, दर वेळी असं होतं असं अजिबात नाही. २०१९ साली ब्रिटनमधल्या होपॉन नावाच्या चाचणीचे निकाल आले, रेडिएशन झालेल्या खालच्या जबड्यात दात काढणं किंवा इम्प्लांट, त्यात सहा महिन्यांनी हाडाचा हा त्रास दोन्ही गटांत साधारण शंभरात सहा जणांना झाला होता. दोन गट म्हणजे एका गटाला आधी-नंतर दाबाखालचा ऑक्सिजन दिला होता, दुसऱ्याला नाही, फरक काही दिसला नाही. म्हणजे काढावाच लागला तर काळजीपूर्वक, कमीत कमी इजा करून, ज्याला असे पेशंट सवयीचे आहेत अशा सर्जनकडून काढला तर बहुतेकांचं नीट भरतं. पण न काढता भागत असेल तर ते केव्हाही चांगलं. रूट कॅनाल करता येतं का बघा. दाताचा वरचा भाग फारच गेला असेल तर रूट कॅनाल करून वरचं कापून मुळं तशीच हाडात ठेवता येतात, हे ऐकायला विचित्र वाटतं पण तुमच्यासारख्यांसाठी तो चांगला मार्ग आहे.

रेडिएशनवाल्या डॉक्टरांकडून डोस प्लॅनचा कागद मागा, खालच्या डाव्या दाढेच्या जागी किती डोस गेला असं स्पष्ट विचारा. तो मागायला संकोच करू नका.

बाकीचे दात वाचवायचे तर फ्लोराइड, आणि ते आयुष्यभर. लाळ कमी झाली की दात हिरडीजवळून किडायला लागतात, भराभर, एकामागोमाग एक. ५००० पीपीएमची फ्लोराइड पेस्ट मिळते ती डॉक्टरांकडून लिहून घ्या, ब्रश करून फक्त थुंकायचं, चूळ भरायची नाही, अर्धा तास काही खायचं-प्यायचं नाही. काही जणांना दातांच्या मापाचे ट्रे बनवून त्यात जेल घालून रोज लावायला देतात. दर तीन ते सहा महिन्यांनी दात दाखवायचे, दुखायची वाट बघायची नाही. अल्कोहोल असलेला माउथवॉश वापरत असाल तर तो आजच बंद.

---

पैलतीर:

वरच्या प्रत्येक शब्दाला +१. मी घशाचं रेडिएशन घेऊन दहा वर्षं पार केलेला माणूस आहे. लांबलचक लिहितोय, सवडीने वाचा.

पहिलं म्हणजे तुमचे त्रास खरे आहेत आणि त्यांचा आजार बरा होण्या-न होण्याशी संबंध नाही. आजार गेला ही एक गोष्ट, आणि तो घालवताना ज्या ग्रंथी, स्नायू, नसा मध्ये आल्या त्यांचं जे झालं ती पूर्ण वेगळी गोष्ट. मला स्वतःला हे उमजायला वेळ लागला कारण कुणी तसं सांगितलंच नाही, "होतंच" हा शब्द मात्र पुष्कळदा ऐकला. होतं हे बरोबर आहे, पण होतं म्हणजे त्यावर काही करायचं नाही असं नाही ना. तुम्ही जी यादी लिहिलीय त्यातल्या जवळपास प्रत्येक गोष्टीवर करण्यासारखं काहीतरी आहे.

कोरडेपणा. कानापुढच्या पॅरोटिड ग्रंथी जेवताना लाळ सोडतात आणि जबड्याखालच्या ग्रंथी एरवी, रात्रीसुद्धा. म्हणून जेवताना थोडं बरं आणि रात्री वाळवंट असं अनेकांचं होतं. पॅरोटिडला सरासरी २६ ग्रेच्या आत डोस गेला असेल तर ती बऱ्यापैकी सावरते. तुमचं आयएमआरटी पद्धतीने (यात किरणांचा आकार-जोर बदलून आजूबाजूच्या ग्रंथींना कमी डोस देतात) झालं असेल तर आशा जास्त, ब्रिटनच्याच पार्स्पोर्ट चाचणीत (२०११) वर्षाने त्रासदायक कोरडेपणा जुन्या पद्धतीत ७४ टक्के लोकांना होता आणि आयएमआरटीत ३८, दोन वर्षांनी तर ८३ विरुद्ध २९. यातली मला धीर देणारी गोष्ट ही की आयएमआरटीवाल्यांचं पहिल्या वर्षानंतरही सुधारत गेलं. तुमचं तर अजून वर्षही झालेलं नाही. दोन वर्षांपर्यंत लाळ हळूहळू वाढू शकते, त्यानंतर जे राहील ते बहुतेक राहील असं धरून चाला.

तोपर्यंत काय, तर एक लिटर पाण्यात एक चमचा मीठ आणि एक चमचा खायचा सोडा घालून दिवसातून अनेकदा चूळ. झोपताना कोरड्या तोंडाचं जेल हिरड्यांना आणि जिभेला लावायचं, नुसतं पाणी पिऊन ते दहा मिनिटांतच परत कोरडं होतं. खोलीत ह्युमिडिफायर. झायलिटॉलचं बिनसाखरेचं च्युइंगम, त्याने उरलेली ग्रंथी कामाला लागते, पण आंबट गोळ्या चघळू नका, बिनसाखरेच्या असल्या तरी आम्लाने दात जातात. पिलोकार्पिन नावाची गोळी असते, ५ मिलिग्रॅम दिवसातून तीनदा, मला तिचा उपयोग झाला पण घाम प्रचंड येतो, आणि दमा किंवा काचबिंदू असेल तर ती चालेलच असं नाही, त्यामुळे डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही. जीभ एकदम लाल होऊन जळजळायला लागली किंवा पांढरे ठिपके दिसले तर तो बहुधा बुरशीचा संसर्ग, कोरड्या तोंडात तो वारंवार होतो आणि औषधाने बरा होतो, उगाच सहन करत बसू नका.

थकवा आणि थंडी हे वाचल्यावर माझ्या डोक्यात पहिलं आलं ते थायरॉईड. मानेला रेडिएशन झालेल्या चार-पाच जणांत एकाचा तरी थायरॉईड मंदावतो, काही ठिकाणी तर निम्म्यापर्यंत आकडे आहेत. टीएसएच, म्हणजे थायरॉईडची रक्ततपासणी, करून घ्या या आठवड्यात. आणि नॉर्मल आलं तरी दर सहा ते बारा महिन्यांनी करत राहायचं, वर्षांनीसुद्धा बिघडू शकतो.

मान खाली घातल्यावरचा करंट, त्याला लर्मिटचं लक्षण म्हणतात. मज्जारज्जूला थोडा डोस गेला की त्याच्या आवरणाला तात्पुरता त्रास होतो, साधारण शेक संपल्यावर काही महिन्यांनी सुरू होतं आणि आपोआप जातं. तुमचं कमी होतंय म्हणजे त्याच वाटेवर आहे. पण डॉक्टरांच्या कानावर घाला, आणि हातापायात कमजोरी किंवा सतत बधिरपणा आला तर मात्र थांबायचं नाही.

कान वाजतात का, ऐकू कमी येतं का? सिस्प्लाटिनने होतं. ऑडिओग्राम करून घ्या.

एक गोष्ट कुणी सांगत नाही म्हणून सांगतो. मानेतल्या कॅरोटिड रक्तवाहिन्यांनाही डोस गेलेला असतो, त्या वर्षांनंतर अरुंद होऊ शकतात आणि त्याने पक्षाघाताचा धोका वाढतो. म्हणून ब्लडप्रेशर, कोलेस्टेरॉल, साखर यांकडे आपण इतरांपेक्षा जास्त लक्ष द्यायचं. काही वर्षांनी मानेचा डॉपलर (रक्तप्रवाह बघणारी सोनोग्राफी) करायचा का हे डॉक्टरांना विचारा. तंबाखू-सिगारेट घरात कुणाचीही असेल तर तुमच्या आसपास नको.

---

घोटभर:

मी स्पीच थेरपिस्ट आहे, गिळण्याच्या तक्रारी हेच माझं रोजचं काम. पैलतीर यांनी बरंच सांगितलं, मी फक्त माझ्या भागाचं बोलते.

घास अडकतो आणि पाण्याने ठसका लागतो, या दोन तक्रारी मागची कारणं वेगवेगळी असू शकतात. कोरडा घास अडकणं हे लाळ कमी असल्याने होतं, जिभेच्या मुळाची ताकद कमी पडल्याने होतं, किंवा अन्ननलिकेचं तोंड आकसल्यानेही होतं. आकसलं असेल तर ते दुर्बिणीतून रुंद करता येतं, मग व्यायाम कितीही केले तरी ते आधी करावंच लागतं. पाणी पातळ आणि वेगात जातं, स्वरयंत्र वर उचलून झाकलं जाण्याआधीच ते खाली पोचतं, म्हणून पाण्याचाच ठसका जास्त. ठसका लागतोय हे एका परीने चांगलं आहे कारण शरीर खबर देतंय. रेडिएशननंतर घशाची संवेदना कमी होते आणि काहींच्या बाबतीत पाणी श्वासनलिकेत जातं तरी खोकलाच येत नाही. त्यामुळे "हल्ली ठसका लागत नाही, म्हणजे सुधारलं" असं घरच्या घरी ठरवू नका. जेवल्यावर आवाज ओलसर, घुरघुरल्यासारखा येतो का, वारंवार बारीक ताप किंवा छातीत कफ होतो का, वजन उतरतंय का, हे बघा.

यासाठी तपासणी लागते. एकतर नाकातून बारीक कॅमेरा घालून तुम्हाला खायला-प्यायला देऊन बघतात, किंवा बेरियम मिसळलेलं अन्न गिळताना एक्सरेचा व्हिडिओ काढतात. फॉलोअपला घसा बघतात ती ही तपासणी नव्हे, तिथे कॅन्सर परत आलाय का ते बघतात, तुम्ही गिळता कशा ते नाही. त्यामुळे "दुर्बिणीने छान दिसलं" आणि "मला गिळता येत नाही" या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असतात. तपासणीनंतर कुठला व्यायाम आणि मान कशी ठेवून गिळायचं ते ठरतं. जोर लावून गिळणं, स्वरयंत्र वर धरून ठेवणं, जीभ दातात धरून कोरडं गिळणं असे बरेच प्रकार आहेत, पण हनुवटी खाली करून गिळणं एकाला वाचवतं आणि दुसऱ्याला त्याचा काहीच उपयोग होत नाही, म्हणून व्हिडिओ बघून स्वतःच सुरू करू नका. जीभ दातात धरून करायच्या व्यायामात तर तोंडात अन्नपाणी अजिबात नको.

तपासणी होईपर्यंत लहान घोट, एका वेळी एकच, ताठ बसून, बोलत बोलत नाही. आणि तोंडाने खाणं सोडू नका. गिळायचे स्नायू वापरले नाहीत की फार लवकर ताकद घालवतात. तोंड दिवसातून अनेकदा स्वच्छ ठेवा, कारण चुकून पाणी छातीत गेलंच तर सोबत तोंडातले जंतू किती जातात यावर न्यूमोनिया होतो की नाही हे पुष्कळसं ठरतं.

जबडा. वरच्या आणि खालच्या पुढच्या दातांमध्ये स्वतःची तीन बोटं उभी मावतात का बघा. ३५ मिलिमीटरपेक्षा कमी उघडत असेल तर ते ट्रिस्मस, आणि ते दुर्लक्ष केलं की घट्ट होत जातं. लाकडी जीभपट्ट्या एकावर एक रचून दातांत धरून ताण देतात, किंवा त्यासाठीचं उपकरण मिळतं. दिवसातून अनेकदा, थोडा थोडा वेळ, ओढ जाणवेपर्यंत, कळ येईपर्यंत नाही. तुमच्या किडलेल्या दाढेच्या बाजूला ताण देण्याआधी डेंटिस्टला विचारा. रूट कॅनालसाठी तोंड उघडावंच लागेल, म्हणून हे लगेच सुरू व्हायला हवं.

हनुवटीखालची सूज लिंफची, म्हणजे ऊतींमधल्या पाण्यासारख्या द्रवाची, आहे असं वर्णनावरून वाटतं, रात्रभर आडवं राहिल्याने साचते, उभं राहिलं की उतरते. उशाकडची बाजू उंच करून झोपा. यासाठी हलक्या हाताचा मसाज असतो, तो सुजलेल्या जागेपासून सुरू करत नाहीत, आधी गळपट्टीच्या हाडाजवळची आणि काखेकडची वाट मोकळी करतात मग वरून खाली आणतात, आणि हात इतका हलका की फक्त कातडी सरकली पाहिजे. लिंफेडेमा शिकलेल्या फिजिओथेरपिस्टकडून एकदा शिकून घ्या, मग घरी करता येतो. बाहेर सूज दिसते तशी आत घशातही असते, त्यामुळे मसाजने काहींचं गिळणंही सुधारतं. सूज एकदम लाल, गरम झाली, दुखायला लागली तर मसाज बंद आणि डॉक्टर.

---

सोबतीण:

माझ्या नवऱ्याचं झालंय हे, म्हणून दुसऱ्या बाजूने लिहिते. आमच्याकडे सगळ्यात मोठा त्रास जेवायला बसण्याचा झाला. सगळ्यांचं पाच-दहा मिनिटांत व्हायचं आणि याचं पाऊण तास चालायचं, मग हळूहळू तो म्हणायला लागला तुम्ही बसा मी नंतर जेवतो, आणि मग बाहेर कुणाकडे जाणंच सोडलं. मला वाटायचं त्याला आराम हवाय. खरं तर तो लाजत होता, ठसका लागला की सगळे ताट सोडून त्याच्याकडे बघायचे ना. आम्ही शेवटी ठरवलं की तो ठसकला तरी कुणी उठायचं नाही, पाठीवर थापट्या मारायच्या नाहीत, "पाणी पी पाणी पी" तर अजिबात नाही, त्याला पाण्यानेच जास्त व्हायचं. बोलता येतंय, खोकता येतंय तोवर त्याला त्याचं सावरू द्यायचं. थेरपिस्टनेच आम्हाला हे समजावलं. एवढ्याने तो परत पंगतीत बसायला लागला.

तुमच्या घरच्यांना हे पान वाचायला द्या हो. "आजार गेला ना" असं आम्हीही म्हणायचो, त्यात प्रेमच होतं, पण त्याला त्यातून ऐकू काय यायचं तर आता तक्रार करू नकोस.

वजन आठवड्यातून एकदा, त्याच काट्यावर, वहीत लिहून ठेवा. आमचं त्या वहीमुळेच लक्षात आलं की उतरतंय, नजरेला कळलंच नव्हतं. मग आहारतज्ज्ञाने थोड्या अन्नात जास्त कॅलरी कशा बसवायच्या ते शिकवलं. मध्ये काही दिवस अन्न द्यायची नळीही लागली, तेव्हा आम्हाला फार हरल्यासारखं वाटलं होतं, आता वाटतं त्या नळीनेच त्याला व्यायाम करायची ताकद दिली. आणि मन फारच खचलं तर तेही डॉक्टरांना सांगा, नवऱ्याला काही महिने डिप्रेशनची गोळी लागली, त्यात लपवण्यासारखं काही नाही.

---

पैलतीर:

सोबतीण, तुमचं वाचून गलबललं. जेवणाचं अगदी असंच असतं.

रानवारा, एक राहिलं. जुने त्रास हळूहळू बदलतात ते ठीक, पण नवीन काही आलं तर ते "रेडिएशनचंच असेल" म्हणून सोडायचं नाही. मानेत नवी गाठ, एकाच कानात टिकून राहिलेलं दुखणं, थुंकीत रक्त, दोन-तीन आठवड्यांवर बसलेला आवाज, वाढत जाणारी कळ, यासाठी पुढच्या तारखेची वाट बघू नका. श्वास घेताना घुर्र असा आवाज यायला लागला तर त्याच दिवशी जायचं. आणि वर्षांनी गिळणं परत बिघडलं तरी दाखवायचं, जिभेला आणि घशाला जाणाऱ्या नसा उशिरा कमजोर होतात काहींच्या, माझं तसं झालं. ते कॅन्सरचं नव्हतं, पण ते तपासूनच कळलं, आणि व्यायाम बदलून मिळाले.

---

रानवारा:

सगळ्यांचे खूप खूप आभार, डोळ्यात पाणी आलं वाचताना. दाढेची अपॉइंटमेंट त्याच दिवशी रद्द केली. रेडिएशनच्या डॉक्टरांकडे डोसचा कागद मागितला, त्यांनी स्क्रीनवर जबडा दाखवला, त्या दाढेजवळ ६० ग्रेच्या आसपास गेलेत. मग त्यांनी आणि डेंटल सर्जननी फोनवर बोलून रूट कॅनाल ठरवलंय. तोंड दोन बोटं आणि थोडं एवढंच उघडतं, जबड्याचे व्यायाम सुरू केलेत म्हणजे निदान ते करता येईल. कॅमेऱ्याने गिळायची तपासणी पुढच्या आठवड्यात आहे. प्रश्न कागदावर लिहून नेले होते आणि एकेक विचारत गेले, तर डॉक्टरांनीही शांतपणे उत्तरं दिली.

टीएसएच बरंच वाढलेलं आलं, थायरॉक्सिन (थायरॉईडची गोळी) सुरू केलंय. आहारतज्ज्ञाने कॅल्शियम आणि लोहाच्या गोळ्याही दिल्यात, सगळं सकाळी एकदमच घेतलं तर चालेल का?

---

पैलतीर:

नाही, एकत्र नको. थायरॉक्सिन उठल्याबरोबर रिकाम्या पोटी पाण्याबरोबर, नंतर अर्धा ते एक तास काही नाही. कॅल्शियम आणि लोह त्याच्यापासून चार तास लांब, नाहीतर ते थायरॉक्सिन अंगी लागू देत नाहीत. गोळी कोरड्या घशात चिकटत असेल तर डॉक्टरांना विचारा, घोटभर पाण्यात चुरून घेता येते. सहा ते आठ आठवड्यांनी परत टीएसएच, मग डोस कमी-जास्त करतील. थकवा लगेच नाही जाणार, थोडे आठवडे द्या त्याला. गिळायच्या तपासणीत काय निघालं ते इथे लिहा.